मोटर किती वर्षं चालेल?

इन्व्हर्टर म्हटलं की आमच्या दिलसुखनगरच्या घरात सगळ्यांना लाईट गेल्यावर पंखा चालवणारा बॅटरीचा डबा आठवतो. माझा इन्व्हर्टर वेगळा, कारखान्यातल्या मोटरचा वेग कमीजास्त करणारा, हे मी वडिलांना कितीदा तरी सांगितलं. ते जन्मभर सरकारी कचेरीत होते. शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "ते असू दे. आपल्या बोअरची मोटर किती वर्षं चालेल, तेवढं सांग."

ऑफिसात तरी वेगळं काय विचारतात? मी मोटर बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. मोटरमधल्या तांब्याच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तो टिकला तर मोटर टिकते. इन्व्हर्टर त्या तारेला सरळ वीज देत नाही, सेकंदाला हजारो ठोके देतो. ठोका जोरकस असला की तारांमधल्या हवेत डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिणग्या पडतात आणि तो थर कुरतडत जातात.

शहराबाहेरच्या एका औषध कारखान्यात आमच्या पंख्यांच्या मोटरी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालल्या होत्या. वीज वाचावी म्हणून त्यांना इन्व्हर्टर लावले आणि एकेक मोटर जळायला लागली. साहेबांनी मला बोलावलं. "एक आकडा दे. त्यांना वर्षं हवीत, थिअरी नको."

मी तारांच्या जोड्या पिळून गरम भट्टीत लावल्या, नेहमीपेक्षा जरा जास्त दाबाचे, म्हणजे व्होल्टेजचे, ठोके सुरू केले आणि कोण कधी जातंय ते बघत बसले. जोड्या एकाच रिळातल्या, एकाच हाताने पिळलेल्या. तरी एक जेवणाच्या सुट्टीआधीच गेली आणि तिच्या शेजारची पुढचा आठवडाही ओलांडून गेली. भट्टीवर संशय घेतला, चिमटे बदलले, नवं रीळ उघडलं. पुन्हा तेच. हा थर मरतोच असा बेभरवशाचा. शेवटी मी लिहून दिलं, कमीत कमी इतकी वर्षं, जास्तीत जास्त इतकी. दोन्हींत भलतंच अंतर होतं.

"हे काय?" साहेब म्हणाले. "एवढं तर माझी सासूपण सांगेल."

इन्व्हर्टरपासून मोटरीपर्यंतची केबल किती लांब आहे, हे मी सुरुवातीपासून विचारत होते. प्रत्येक मेलला एकच उत्तर, 'नेहमीसारखी'. शेवटी मीच कारखान्यात गेले. तिथले मेंटेनन्सचे प्रमुख वयस्कर, जुन्या शहरातले. बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, पहले ये बोलो, कित्ते साल चलेगी?"

"केबल किती लांब आहे, ते आधी दाखवा."

"केबल? हौ, थोडी लंबी है."

आम्ही चालायला लागलो. इन्व्हर्टरची सगळी कपाटं इमारतीच्या एका टोकाला, नव्या एसी खोलीत. तिथून केबल गच्चीवर चढली होती, सगळी गच्ची पार करून पलीकडच्या टोकाला पंख्यांपर्यंत उतरली होती. लांब केबलमध्ये ठोका मोटरपाशी आपटून परत फिरतो आणि दाब जवळजवळ दुप्पट होतो. माझ्या सगळ्या चाचण्या त्याहून कितीतरी कमी दाबावर झाल्या होत्या. म्हणजे इतक्या महिन्यांची मेहनत वाया. मी गच्चीच्या पायरीवर बसलेच. मला रडू येत होतं की राग, कळत नव्हतं.

"नाराज नक्को हो मॅडम," ते म्हणाले, "चाय पियो."

नव्या चाचण्यांत तारेचं आयुष्य पार आटलं. इन्व्हर्टरच्या तोंडाशी ठोके बोथट करणारे फिल्टर बसवा, नाहीतर काहीच सांगता येणार नाही, असं मी लिहिलं. तेव्हा कळलं की सेल्सवाल्यांनी माझ्या जुन्या अहवालातली मोठी संख्या उचलून कारखान्याला केव्हाच लेखी कळवून टाकली होती. "त्या कागदावर माझं नाव राहणार नाही," मी म्हटलं. साहेबांनी नाव काढलं, आकडा तसाच ठेवला.

उत्पादन थांबवायला नको म्हणून कारखान्याने निम्म्याच पंख्यांना फिल्टर बसवले. आणि नशीब असं, की पुढची जळालेली मोटर फिल्टरवालीच निघाली. मीटिंगमध्ये मेंटेनन्सचे प्रमुख हसत म्हणाले, "जिसको दवा दिए, वोइच पहले गई!" सगळे हसले. साहेबही. फिल्टर बसायच्या आधीच तिचा थर खलास झाला होता, हे मी समजावत राहिले. एव्हाना समोसे आले होते.

ती जळकी मोटर मी लॅबमध्ये मागवून घेतली आणि कापून उघडली. जिथे वीज आत शिरते त्या पहिल्या वेढ्यांवर पांढरी भुकटी साचलेली. ठिणग्यांनी खाल्लेल्या थराची ती खूण. मी फोटो पाठवले. उत्तर कुणाचंच नाही. पुढे बिनफिल्टरच्या मोटरी एकापाठोपाठ एक जळाल्या, तेव्हा उरलेल्यांनाही फिल्टर बसले. मग मोटरी जळायच्या थांबल्या. तुझं बरोबर होतं, असं कुणी म्हटलं नाही.

साहेबांचा फोन मात्र आला. "तो पांढऱ्या भुकटीचा फोटो मोठ्या साइझमध्ये आहे का? प्रदर्शनातल्या स्टॉलवर लावायचाय. छान दिसतो."

मी फोटो पाठवला. मग तारेची नवी रिळं मागवली आणि लांब केबलवरच्या चाचण्या पहिल्यापासून लावायला घेतल्या.