पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची

शहराच्या मधोमध असलेल्या त्या मोठ्या सभागृहात खुर्च्या मांडणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘सभापती’ म्हणत. हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण पाडलं ते चपखल. तिथल्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर राहणारा दुसरा माणूसच नव्हता. वक्ते उशिरा यायचे, पाहुणे लवकर सटकायचे, अध्यक्ष भर मंचावर डुलक्या काढायचे. सभापती मात्र मागच्या खांबाला टेकून टक्क जागे. लग्नं, परिसंवाद, गाण्यांचे कार्यक्रम, मांजरांचं प्रदर्शन, विमा एजंटांचे मेळावे आणि शोकसभा, सगळं त्यांनी त्याच कोरड्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांच्या लेखी या सगळ्यांत फरक एवढाच, की लग्नात खुर्च्यांना गुलाबी झगे चढवायचे, शोकसभेत पांढरे, आणि विमा एजंटांच्या खुर्च्या उघड्याच ठेवायच्या, कारण ते झग्यांना हात पुसतात.

हे झगे शिवायची त्यांची बायको. घरातल्या एका खोलीत शिलाई मशीन, दुसऱ्या खोलीत झग्यांचे ढीग, आणि उरलेल्या जागेत संसार.

खुर्च्या मांडणं म्हणजे हमाली, असं कुणी म्हटलं की सभापतींना राग यायचा. “मांडतो कुणीही. उचलायच्या कधी, ते कळायला अक्कल लागते.” रिकामी खुर्ची म्हणजे वक्त्याच्या तोंडावर दिलेली जांभई, असं ते म्हणत. त्यामुळे यजमानाने फुशारकीने कितीही आकडा सांगितला, तरी सभापती पुष्कळ कमी मांडायचे. कार्यक्रम सुरू झाला की चवड्यांवर चालत मागच्या रिकाम्या खुर्च्या घडी करून काढायचे आणि उरलेल्या रांगा अशा सरकवायचे, की माशीलाही फट दिसू नये. दहा टाळकी जमली तरी वक्ता घरी जाऊन बायकोला सांगायचा, सभागृह खच्चून भरलं होतं! कित्येकांचे संसार या समजुतीवर टिकले होते.

सभापतींचा स्वतःचा मात्र याच कलेने उसवला.

मुलीचं लग्न त्यांनी हौसेने याच सभागृहात लावलं. नवा शर्ट घालून, मुलीचा बाप म्हणून ते दारात उभे होते. पण जेवणाकडे माणसं पांगली, समोर खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या आणि त्यांच्या हातांना खाज सुटली. मुलीची सासू फोटोसाठी उठली, फोटो काढला, वळली आणि मागे न बघता बसली. खुर्ची तिथे नव्हती. ती सभापतींच्या काखेत होती.

बाईंचा खुबा मोडला. मुलीच्या संसाराची पहिली दोन वर्षं सासूला उठवण्या-बसवण्यात गेली. “बाबा, माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही कामावरच होतात,” एवढं एक वाक्य तिने त्यांना ऐकवलं आणि माहेरचा उंबरा सोडला तो सोडलाच.

आईशी मात्र तिच्या भेटी चालू होत्या. बायको “बटणं आणते” म्हणून बाजारात जायची आणि डोळे लाल करून परत यायची. घरात बटणांच्या बरण्यांवर बरण्या साठल्या. खुर्चीच्या झग्याला बटण लागत नाही, हे सभापतींना पक्कं ठाऊक होतं. पण ते कधी विचारायचे नाहीत. फक्त “मिळाली का?” म्हणायचे. ती म्हणायची, “मिळाली. बरी आहे.”

मग एका आठवड्याच्या तापात बायको गेली. मुलगी स्मशानात आली, लांब कुंपणाशी उभी राहिली आणि मावशीच्या गळ्यात पडून परस्पर निघून गेली.

मॅनेजरसाहेबांनी मोठ्या मनाने शोकसभेला सभागृह फुकट दिलं. म्हणजे दुपारचा परिसंवाद आणि संध्याकाळचं गाणं यांच्यामध्ये जी फट होती, ती दिली. आदल्या दिवशी मेव्हणी घरी आली. ही बाई जन्मजात फटकळ.

“भाऊजी, ती येते म्हणालीय.”

सभापती झग्यांच्या घड्या घालत होते, ते थांबले.

“पण काय म्हणाली, सांगते. म्हणाली, मावशी, मला मागे परक्यासारखी उभी राहायला लावू नका. बाबांच्या शेजारी माझी खुर्ची असेल तर मी बसेन. नसेल तर मी काय समजायचं ते समजेन, आणि पुन्हा कधी येणार नाही.”

“असेल की.”

“असेल नव्हे, राहिली पाहिजे! तुमचे हात बांधून ठेवू का?”

“ठेव,” सभापती म्हणाले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोनेच शिवलेले पांढरे झगे चढवले. पहिल्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला एक खुर्ची ठेवली आणि तिच्या शेजारी आपली. बाकीच्या मोजक्याच. शिलाई करणाऱ्या बाईला रडायला येऊन येऊन येणार कोण, असा त्यांचा हिशेब. व्यवसायात पहिल्यांदाच तो सपशेल चुकला. ज्यांचं ज्यांचं उसवलेलं तिने टाके घालून दिलं होतं, ती सगळी माणसं आली. नर्सा आल्या, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर आला, गाण्याच्या पार्टीतला ढोलवाला आला. त्याच्या कोटाचं अस्तर तिने तीनदा बदललं होतं. खुर्च्या भरल्या, भिंती भरल्या. पहिल्या रांगेतली एकच खुर्ची, पुढचा दात पडावा तशी, रिकामी.

मंचावर मॅनेजरसाहेब बोलायला उठले. वर्षानुवर्षं लोकांची भाषणं ऐकून त्यांनाही बोलण्याचा नाद लागला होता. सभापती मांडीखाली दोन्ही तळहात दाबून बसले होते. मॅनेजरसाहेबांची नजर सारखी त्या रिकाम्या खुर्चीवर यायची आणि वाक्य अडखळायचं. हे अडखळणं सभापती ओळखून होते. आयुष्यभर त्यांनी तेच थांबवलं होतं. तरी ते हलले नाहीत.

तेवढ्यात मागे गडबड झाली. दाराजवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना घेरी आली होती. “खुर्ची! अहो, खुर्ची द्या कुणीतरी!” असा पुकारा झाला.

हा शब्द ऐकल्यावर थांबून विचार करणं या माणसाने आयुष्यात कधी केलं नव्हतं. सभापती उठले. डाव्या हाताने शेजारच्या रिकाम्या खुर्चीची घडी घातली, उजव्या पायाने आपली खुर्ची कडेला सरकवून फट बुजवली, चार ढांगांत दार गाठलं आणि म्हातारीला बसवलं. “पाणी द्या यांना,” म्हणाले आणि उभ्या राहिलेल्यांसाठी आणखी खुर्च्या आणायला मागच्या कोठीत शिरले. सगळं इतक्या सफाईने झालं, की मंचावरचं वाक्य अडखळलंसुद्धा नाही.

दोन्ही काखांत खुर्च्या मारून ते बाहेर आले, तर दारात मेव्हणी उभी. तिने पदर तोंडाला लावला होता. या बाईला गप्प उभी राहिलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

“आली होती,” ती म्हणाली. “पुढच्या रांगेकडे बघितलं. मी म्हटलं थांब, थांबली नाही.”

सभापतींनी वळून पाहिलं. पहिली रांग अखंड होती. कडेला त्यांची स्वतःची खुर्ची, तीही रिकामी. फट कुठेच नाही. काम चोख झालं होतं.

काखेतल्या खुर्च्या त्यांनी सोडून दिल्या. त्या सभागृहात पहिल्यांदाच खुर्च्या आपटल्याचा आवाज झाला. एक तेवढी हातात राहिली. ती तशीच घेऊन ते पायऱ्या उतरले, रस्ता ओलांडला. हॉर्न वाजले, कुणीतरी आईवरून शिवी दिली. पलीकडच्या बस थांब्यावर मुलगी उभी होती.

सभापतींना धाप लागली होती. त्यांनी तिच्यासमोर फुटपाथवर खुर्ची उघडली, बाहीने बैठक पुसली.

“बस, बाळा.”

मुलीने खुर्चीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“ठेवली होती मी. खरंच ठेवली होती. एका म्हातारीला घेरी आली गं, आणि माझे हात…”

“मला माहितीये, बाबा.” तिचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “तुम्ही मुद्दाम करत नाही. तेव्हाही केलं नव्हतंत. आईपण हेच सांगायची, दर वेळी. मुद्दाम नाही करत, त्यांचे हात करतात.” तिने पर्स खांद्यावर नीट घेतली. “पण मी तरी किती वेळा हातांना माफ करायचं?”

“आता नाही होणार.”

“बस आली माझी.”

ती चढली. खिडकीशी जागा मिळाली, तिथे बसली. खिडकी उघडी होती, पण तिने हात केला नाही आणि तोंडही फिरवलं नाही; नुसती समोर बघत राहिली. बस गेली.

समोरून मेव्हणीने हाक मारली, सभा संपत आली होती, गाण्याची माणसं सामान घेऊन खोळंबली होती, हॉल लावायचा होता. सभापती जागचे हलले नाहीत. बसच्या रांगेतला एक थकलेला माणूस दोन्ही हातांतल्या पिशव्या सांभाळत पुढे आला.

“काका, खुर्ची रिकामीच आहे ना? बसू का जरा?”

सभापतींनी खुर्चीच्या पाठीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“नाही,” ते म्हणाले. “माझी मुलगी यायचीय.”