ट्रेलरवरची सहावी सायकल

सायकल माझी होती. हे आधीच सांगते, कारण पुढे ती चळवळीची होती, चाळीची होती, असं बरंच काही बोललं गेलं. परळच्या शाळेत शिकवायला मी तिच्यावरून जात असे. बायकांची सायकल; मधला दांडा तिरका खाली उतरलेला आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची जाळी. लालबागहून परळला मास्तरीणबाई सायकलवर जातात याबद्दल चाळीत वर्षभर बोलणं झालं. मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि लोकांना दुसरा विषय मिळाला.

ती सायकल मी धाकट्या नणंदेला द्यायचं ठरवलं. तिचं सुइणीचं शिक्षण नुकतंच पुरं झालं होतं आणि इगतपुरीच्या पुढे एका गावातल्या दवाखान्यात तिची निवड जवळजवळ झाली होती. जवळजवळ म्हणते, कारण डॉक्टरांनी स्वच्छ कळवलं होतं की वाड्या चार दिशांना आहेत, आधीची बाई पायपिटीला कंटाळून निघून गेली, तेव्हा जिच्याजवळ सायकल आहे आणि जिला ती चालवता येते अशीच बाई हवी. सोमवारी सकाळी सायकलसह हजर व्हायचं. नाहीतर नाशिकची एक मुलगी तयारच होती.

घरात तिच्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मोठ्या नाखुशीने होकार दिला होता. ही नोकरी हुकली तर दादरचं एक स्थळ थांबलेलं होतं, आणि त्या घरात सुईण सून चालणार नव्हती. नणंद मला म्हणाली, "वहिनी, सायकल धड पोचली की मी सुटले."

रेल्वेने पार्सल केली तर सोमवारच्या आत हातात पडेल याची खात्री कोणी देईना. त्याच सुमारास आमच्या चाळीच्या समितीने नाशिककडे प्रचारफेरी काढायचं ठरवलं. पाच जण सायकलींवरून गावोगाव फिरणार होते. सायकली न्यायला डिलाईल रोडच्या एका ड्रायव्हरची जुनी लष्करी जीप मिळाली होती, आणि तिच्यामागे जोडायचा दोन चाकांचा उघडा ट्रेलर. मी समितीच्या सेक्रेटरींना विचारलं, आमची एक सायकल आणि आम्ही दोघी वाटेत उतरलो तर चालेल का. ते म्हणाले, "बाई, हे काय विचारणं झालं? सायकल आपलीच समजा." तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी चाळीच्या चौकात ट्रेलर भरायला घेतला. माझ्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. पायडलं काढून पिशवीत टाकायची. हँडल सैल करून चाकाच्या रेषेत वळवायचं. एक सायकल तोंड पुढे करून, पुढची तोंड मागे करून ठेवायची, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. मध्ये गोणपाट. शेवटी आडवा-उभा दोर आवळून घ्यायचा, असा की एक हलली तर सगळ्यांनी मिळून हलावं. मी पाना, गोणपाटं आणि एक जुनं लुगडं घेऊन खाली उतरले.

सेक्रेटरी म्हणाले, "बाई, सायकली आहेत, बांगड्या नव्हेत."

चौकातले सगळे हसले. मीही हसले असते, पण त्यांनी एव्हाना पाचही सायकली एकाच दिशेला तोंड करून उभ्या केल्या होत्या आणि हँडलं एकमेकांत शिंगांसारखी गुंतली होती. का, तर मिरवणुकीसारख्या दिसायला हव्यात. पाचही सायकलींच्या सांगाड्यांमधून त्यांनी एक लांब बांबू आरपार घातला होता आणि त्याची दोन टोकं ट्रेलरला बांधली होती. पुरुषांच्या सायकलींना ते एक वेळ ठीक, कारण वरचा आडवा दांडा बांबूवर टेकतो. माझ्या सायकलीला तो दांडाच नाही. बांबू तिच्यातून घालणार कुठून आणि ती टेकणार कशावर? म्हणून ती सगळ्यांच्या मागे, नुसती टेकवून, सुतळीने बांधली.

"हे ठाण्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही," मी म्हटलं.

"मग समितीपुढे ठेवू," सेक्रेटरी म्हणाले.

आमच्या चाळीत ठरावाशिवाय पान हलत नसे. नळाची वेळ, गच्चीवर वाळवण घालायच्या पाळ्या, गणपतीचा पडदा, सगळं हात वर करून ठरायचं. पोलीस रस्त्यावर उभे असतानाही एकदा ठराव झाला होता की पळायचं कोणत्या जिन्याने. तर दोर कसा बांधायचा यावर त्या संध्याकाळी रीतसर मतदान झालं. माझ्या बाजूने मी आणि नणंद. विरुद्ध बाजूला अख्खी समिती. जीपवाला ड्रायव्हर मडगार्डवर बसून विडी ओढत होता. त्याला मी विचारलं, तुम्ही तरी सांगा. तो म्हणाला, "बाईनू, गाडी हाकूचा काम माजा. बांधूचा काम ह्यांचा. मी मधी पडूचय नाय."

तरी मी माझ्या सायकलीचे वेढे सोडून दोराने पुन्हा बांधले. पायडलं काढली, गोणपाट आणि लुगडं मध्ये कोंबलं आणि वर गेले. समितीची बाकीची मंडळी रात्रीच्या गाडीने नाशिकला पुढे गेली.

सकाळी खाली येऊन बघते तो गोणपाटं बाहेर काढून घडी करून ठेवलेली. "ध्यान दिसत होतं, बाई," सेक्रेटरींनी खुलासा केला. आणि माझ्या सायकलीवर एक भलामोठा लाकडी फळा बांधलेला: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. बाकी कुठे सुतळी ओवायला जागा नव्हती आणि जाळीला भोकंच भोकं, म्हणून त्यांनी फळा सरळ जाळीला शिवून टाकला होता.

"जाळी साडीसाठी असते," मी म्हटलं. "फळ्यासाठी नसते. फळा जीपच्या पुढे लावा."

"पुढून येणारा एका क्षणात निघून जातो, बाई. मागून येणारा मैलभर वाचत बसतो."

या माणसाचं बोलणं ऐकायला बरं वाटायचं, हे मी नाकारत नाही. मागणी माझीही तीच होती. सभांना मीही गेले आहे, अश्रुधुराने चुरचुरणारे डोळे ओल्या पदराने मीही पुसले आहेत. पण मुंबई मिळवायची असली तरी गाठ ही गाठीसारखीच मारावी लागते, हे त्यांच्या गळी कसं उतरवायचं ते मला कळत नव्हतं. निघायला उशीर होत होता. गोणपाटं मी पुन्हा कोंबली आणि जीपमध्ये बसले.

ठाण्याला पंधरा-वीस माणसं हार घेऊन उभी. फळा सोडला, हातात उंच धरला, घोषणा झाल्या, फळ्याला हार घातला आणि कोणीतरी तो परत बांधला. भिवंडीला तेच. शहापूरला चहा आणि मग तेच. दर वेळी सोडणारा वेगळा आणि बांधणारा वेगळा. माझा दोर शहापूरला हारांबरोबर कोणाच्या तरी हाती गेला. उरली ती सुतळी. मी खाली उतरून गाठी तपासायला गेले की सेक्रेटरी म्हणायचे, "बाई, तुम्ही बसा, आम्ही आहोत ना." नणंद मान वळवून सारखी मागे बघत होती. पण जीपमधून मागे बघणाऱ्याला पुढच्या पाच सायकलीच दिसतात, त्यांच्या पलीकडची सहावी दिसत नाही.

कसारा घाट चढायला लागलो तसा वारा वाढला. आमच्या मागे एक मालट्रक होता. त्याने भोंगा वाजवायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

"बघा," सेक्रेटरी खूश होऊन म्हणाले, "फळा वाचला." त्यांनी जीपमधून अर्धं अंग बाहेर काढलं, मूठ वळली आणि मागे बघून ओरडले, "झालाच पाहिजे."

ट्रकवाल्याने आणखी जोरात भोंगा दिला. दिवे उघडझाप केले. सेक्रेटरींनी त्याला हात जोडले. ड्रायव्हरनेही आपला भोंगा दोनदा वाजवून उत्तर दिलं. घाटात दोन गाड्यांचा हा संवाद चालला असताना मला खालून खरखर ऐकू येत होती. मी म्हटलं, गाडी थांबवा. सेक्रेटरी म्हणाले, चढावर कशी थांबवणार. मी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून पुन्हा सांगितलं. पुढच्या वळणाला सपाट जागा आली तिथे तो थांबला.

ट्रकही थांबला. क्लीनर उडी मारून आला आणि हिंदीत म्हणाला, "किती वेळ सांगतोय, बहिरे आहात का? सायकल रस्त्यावर घासत येतेय." फळ्याचं नाव त्याने काढलं नाही. त्याला मराठी वाचता येत असेल असं दिसलं नाही.

फळ्यात वारा भरला होता. फळ्याने जाळी ओढली, जाळीने सायकल ओढली आणि ती मागे कलंडून ट्रेलरबाहेर लोंबत होती. मागचं चाक अख्ख्या चढावर खडीवरून घासत आलं होतं. टायर फाटून रिम वाकडी झाली होती, तारा तुटून बाहेर आल्या होत्या, जाळीची लक्तरं. फळा तेवढा शाबूत होता. हारसुद्धा जागच्या जागी.

नणंद चाकाजवळ बसली. हाताने ते फिरवायला गेली तर ते अर्ध्यावर अडकलं. "संपलं, वहिनी," ती म्हणाली. "आता दादरला हो म्हणून कळवा."

सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाले, "चळवळीत असं व्हायचंच. काही ना काही द्यावं लागतं."

"मग द्या," मी म्हटलं.

बायकांची असली तरी माझ्या सायकलीची चाकं त्यांच्या सायकलींच्याच मापाची होती. मी पिशवीतून पाना काढला आणि बांबूवरच्या सायकलींपैकी त्यांची सायकल कोणती ते विचारलं. त्यांना उशिरा कळलं.

"अहो बाई, फेरीचं काय? मी पुढारी आहे फेरीचा."

"पाच जणांची होती, चौघांची होईल. तुम्ही जीपमध्ये बसून फळा धरा."

"असं कसं? हे समितीपुढे आलं पाहिजे."

"समिती नाशिकला आहे. इथे आपण चौघं आहोत. ठराव मांडते. सेक्रेटरींचं मागचं चाक या सायकलीला बसवावं. कोण बाजूने?"

मी हात वर केला. नणंदेने बसल्या बसल्या केला. सेक्रेटरी ड्रायव्हरकडे बघू लागले. ड्रायव्हरने विडी विझवली, कानावर ठेवली आणि हात वर केला. "माका माफ करा, सेक्रेटरीनू. काल मी मधी पडलंय नाय, तो चुकीचा झाला."

सेक्रेटरींच्या बाजूने एक मत उरलं. एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी: ठराव हरल्यावर तो माणूस वाद घालत नसे. त्यांनी स्वतः सायकल खाली उतरवली आणि मी नट सैल करत असताना ती धरून उभे राहिले. चेनवरचं पत्र्याचं झाकण निघता निघेना, ते ड्रायव्हरने काढलं. जाळी लावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सायकली तोंड पुढे, तोंड मागे अशा मी पुन्हा भरल्या, आणि या वेळी मला कोणी काही म्हटलं नाही. फळा सेक्रेटरींनी दवाखान्यापर्यंत मांडीवर धरला.

रात्री आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलो. सकाळी डॉक्टरांनी सायकल बघितली. पुढचं चाक चकचकीत, मागचं गंजलेलं, जाळी नाही. "ही चालते?" त्यांनी विचारलं. नणंदेने निऱ्या वर खोचून पिना लावल्या, पदर कमरेला आवळला आणि समोरच्या वाडीपर्यंत जाऊन परत आली. डॉक्टर म्हणाले, "साडी सांभाळा." एवढ्यावर तिची नोकरी पक्की झाली.

साडी तिने फार दिवस सांभाळली नाही. पहिल्याच महिन्यात चाकात गेली आणि तिचा गुडघा फुटला. मी लालबागला नवी जाळी घेऊन पाठवून दिली. वाकडं चाक मी परत आणलं होतं, ते बरेच दिवस आमच्या दारामागे होतं. सेक्रेटरींना दोनदा विचारलं, याची रिम बदलून तुमच्या सायकलीला बसवून घ्या. ते म्हणाले, बघू.

पुढे मुंबई मिळाली. चाळीत त्याची सभा झाली, पेढे वाटले. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की या लढ्यात आमच्या चाळीने काय दिलं नाही. दूर डोंगरात बाळंतिणींसाठी फिरणाऱ्या एका भगिनीला आम्ही आमच्या सायकलीचं चाकसुद्धा काढून दिलं. टाळ्या झाल्या. मी दुसऱ्या रांगेत होते. माझ्याकडे बघून ते हसले, आणि खरं सांगते, त्यांना ते तसंच आठवत होतं.

सभा संपल्यावर त्यांनी मला गाठलं. मुलांची सहल पुण्याला न्यायची होती, सायकली घेऊन. तीच जीप, तोच ट्रेलर. "तुम्ही बांधायला याल ना, बाई?"

"येईन," मी म्हटलं. "फक्त गोणपाट काढायचं नाही."

"ते समितीपुढे ठेवतो," ते म्हणाले.