चिऊ कुणाकुणासोबत जेवायची

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "फॅटी लिव्हर." म्हणजे यकृतात चरबी साठणं. मला वाटायचं, हा दारू पिणाऱ्यांचा आजार. माझी बहीण चिऊ आठ वर्षांची आहे.

आधी तिची मान काळी पडली होती. मळ समजून आई बेसन लावून घासायची आणि चिऊ रडायची. डॉक्टर म्हणाले, हे अकँथोसिस. वजन फार वाढून इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की त्वचेवर अशी खूण दिसते. असंच चाललं तर पुढे डायबिटीस.

मग उपाशीपोटी रक्त द्यायचं, खाऊन पुन्हा द्यायचं. मधे नुसतं बाकावर बसायचं. कॉलेज बुडायचं. घरात डॉक्टरांचं बोलणं समजून घेणारी मीच, आणि मलाही अर्धंच कळायचं.

"ये कितनी बार खाती है?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोनदाच, साहेब," आई म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्यासोबत चिऊ दोनदाच जेवायची. पण आमच्याकडे एकट्यानं जेवायची पद्धत नाही. सकाळी काका कापडाच्या लूमवर दिवसपाळीला निघताना जेवायचे, तेव्हा "ये गं चिऊ." पप्पा रातपाळीहून आले की "ये गं चिऊ." रात्री काका परतले की पुन्हा तेच. प्रत्येकाला वाटायचं, पोरीनं दोन घास तर खाल्ले.

मी हे घरी सांगितलं.

"मग मी भिंतीकडं बघत गिळू का?" पप्पा म्हणाले. "पोरगी तेवढ्याच वेळेला भेटते मला."

"नुसती बसू दे ना जवळ."

"बघ दादा," काका हसले, "आता कॉलेजवाली आपल्याला जेवायला शिकवणार."

चिऊ नुसती बसली. पण तिचं लक्ष ताटातच. पप्पांनी अर्ध्यात ताट सारलं.

आता काका डबा नेतात, रात्री चिऊ झोपल्यावर जेवतात. पप्पा सकाळी चहावरच झोपतात आणि दुपारी चिऊ शाळेतून आली की उठून आई आणि तिच्यासोबत जेवतात. मोडलेली झोप पुन्हा लागत नाही.

परवा डॉक्टर म्हणाले, वजन उतरलं नाही, पण वाढलंही नाही. मला तेवढंही पुष्कळ वाटलं. तुमच्याकडे असं मूल असेल तर त्याला खादाड म्हणू नका. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारा, ते कुणाकुणासोबत जेवतं.

काल दुपारी मी पप्पांना उठवायला गेले. ते जागेच होते.

"आली का चिऊ?" म्हणाले, आणि भिंतीला धरून उठले.