मोठ्यानं वाचा

"वाचा. मोठ्यानं."

एवढं म्हणून आपा चष्मा काढायच्या, ओढणीच्या टोकात गुंडाळून टेबलावर ठेवायच्या आणि डोळे मिटून खुर्चीत मागं रेलायच्या. समोर बसलेल्याच्या हातात त्याचाच मोबाइल असायचा. त्यावर त्यानंच लिहिलेलं काहीतरी. लिहिताना अंगठा कसा घोड्यासारखा धावलेला असतो! वाचताना मात्र त्याच माणसाला पहिल्या ओळीतच खोकला यायचा.

तुम्हीही पाहिली असेल अशी एखादी वकीलबाई. आमची लातुरातली होती, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यातच पुढं आपांचं ऑफिस झालं. भिंतीवरची जुनी घड्याळं तशीच राहिली, प्रत्येकाची वेळ वेगळी. पक्षकार कंटाळला की आपा म्हणायच्या, "तुम्हाला जी वेळ सोयीची वाटते, ती धरा."

मी त्यांचा शेजारी. माझा धंदा बोलण्याचा. लग्न असो, सत्कार असो, दुकानाचं उद्घाटन असो, माइक माझ्या हातात. शांततेत चार पैसे मिळतात असं कुणी म्हणालं तरी मला जमणार नाही. आपा मला 'माइकवाले' म्हणत. त्यामुळं मी जेव्हा सांगतो की आपांचं ते चष्मा काढणं हे उत्तम नाटक होतं, तेव्हा एका जाणकाराचा शेरा समजून ऐका.

एकदा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं की बायका वकील झाल्या की घरं मोडतात. पुढं आणखी दोन ओळी होत्या, त्या मी इथं देत नाही. सकाळी आपा त्यांच्या दारात हजर. हातात दुधाची पिशवी.

"भाईसाब, तुम्ही काल काहीतरी लिहिलंय म्हणे. मी चष्मा विसरले. जरा वाचून दाखवता?"

आतून वहिनी आल्या, म्हातारी आई आली. गृहस्थ मोबाइलकडं असे बघत राहिले की जणू तो पहिल्यांदाच हातात आलाय. शेवटी म्हणाले, "आपा, ते डिलीट होतंय."

"होऊ द्या, होऊ द्या," म्हणत आपा निघून आल्या.

आता तुम्हाला वाटेल, बाई सगळ्यांची तोंडं बंद करत हिंडायच्या. छे! उलटंच. आमच्या वॉर्डातल्या एका पोरानं तुंबलेल्या नालीवर चार टिंगलीच्या ओळी टाकल्या. त्यात लिहिलं होतं की नगरसेवक साहेब पाच वर्षांनी येतात, त्यांच्या स्वागताला नाली दारापर्यंत येते. साहेबांना राग आला. पोरावर गुन्हा नोंदवायचाच, म्हणून ते आपांकडं सल्ल्याला आले.

"वाचा. मोठ्यानं."

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. आवरता आवरेना.

"हसलात ना?" आपा डोळे न उघडता म्हणाल्या. "ज्याच्यावर लिहिलं तोच हसला, तर मी कलम कुठलं शोधू? नाली उपसून घ्या."

त्यांचं म्हणणं असं. पूर्वी एक कलम होतं, त्यात कुणाला नुसता राग आला तरी लिहिणाऱ्या पोरांना उचलून नेत. कोर्टानं ते काढून टाकलं, बरं झालं. "पण काही लोकांना वाटलं, ती मोकळी जागा शिव्यांसाठी ठेवलीय." आणि एखादा असाही निघायचा, जो घाणेरडी धमकी तोंडावर, बाईच्या देखत, न अडखळता वाचून दाखवी. तेव्हा आपा डोळे उघडत आणि चष्मा घालत. आपांनी चष्मा घातला की समजायचं, आता नाटक संपलं, कायदा सुरू.

हे सगळं सांगायचं कारण ती किनवटची पोरगी.

लातूर म्हणजे क्लासेसचं गाव. मुखेड, देवणी, किनवट, कुठून कुठून पोरं इथं डॉक्टर व्हायला येतात आणि होस्टेलात राहतात. अशाच एका क्लासच्या गुणगौरव सोहळ्याला मी निवेदक होतो. कार्यक्रमाआधी संचालकांच्या केबिनमध्ये समोसा खात बसलो होतो, मांडीवर माझा कॉर्डलेस माइक. तेवढ्यात आपा आल्या. त्या संस्थेच्या वकील. त्यांच्या मागोमाग ती मुलगी आणि तिचे वडील. वडिलांच्या हातात तिची पत्र्याची पेटी, म्हणजे निघायची तयारी झालेली. आणि कोपऱ्यात एक उंच, काटकुळा मुलगा. देवणीकडचा. त्याची मान खाली.

झालं होतं ते असं. होस्टेलच्या पोरांचं एक निनावी पेज होतं. सगळं होस्टेल त्यावर जीव टाकायचं, कारण त्यात मेसच्या वरणाची रोज खबर असायची. ते चालवणारा हा देवणीचा मुलगा. पण एकदा त्यानं वरण सोडून माणसाला हात घातला. या मुलीनं वर्गात शंका विचारली होती, "सर, मले नाही समजून राहिलं, परत सांगा ना." त्यानं तो आवाज चोरून घेतला, त्यावर माकडांची चित्रं नाचवली आणि रील टाकली. खाली कमेंटांचा पाऊस.

त्यानंतर जिना चढताना, पाणी भरताना, मेसच्या रांगेत, जो तो तिला तेच वाक्य तिच्याच सुरात म्हणून दाखवी. आधी तिनं शंका विचारणं सोडलं. मग मेसमध्ये येणं सोडलं. मग बोलणंच सोडलं. वडिलांना फोन केला तोही फक्त "न्यायला या" एवढाच. तिच्या पाड्यावरून इतकं शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच. ती परत गेली असती तर मागच्या पोरींची वाटही तिच्याबरोबर परत गेली असती.

संचालकांनी तक्रार टाइप करून तयारच ठेवली होती. वडिलांपुढं पेन सरकवत ते म्हणाले, "सही करा. पोराला पोलिसात देऊ आणि ते पेजच कायमचं बंद करू. आपल्या मुलीच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

आपांनी तक्रार डोळ्यांपासून दूर धरून पाहिली. "सर, यात मुलीबद्दल एकच ओळ दिसते. बाकी पानभर काय आहे?"

"संस्थेची बदनामी! ते वरणाचं सगळं."

"अच्छा." चष्मा निघाला. माझ्या तोंडातला समोसा थांबला. "आधी तू, बेटा. ते रीलवरचं वाच. हिच्याकडं बघून वाच."

मुलानं मोबाइल घेतला. "जंगलातून... थेट प्रक्षेपण," तो वाचू लागला. "हिला आधी... आधी..." पुढं शब्द येईना.

"वाच ना," मुलगी म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज निघाला असावा. घोगरा होता. "लिव्हलं ना तू? वाच."

"हिला आधी माणसांची भाषा शिकवा." आणि मग त्यानं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "मला न्हाई वाचता येत आपा. लई वंगाळ हाय ते."

मुलीचे वडील इतका वेळ पेटीला धरून उभे होते. ते एकदम पुढं वाकले आणि त्याच्याकडं निरखून बघू लागले. "अरे, तू बी तर आमच्यावाणीच गावचा हायेस की! मले वाटलं, कोणी पुण्यामुंबईचा साहेब असंल."

मुलगा रडायला लागला. मी खिशातला रुमाल दिला. सोहळ्यासाठी इस्त्री केलेला होता, पण जाऊ द्या.

"आता सर तुम्ही," आपा म्हणाल्या.

"मी? मी कशाला?"

"तुमची तक्रार मोठी आहे ना. वाचा. मोठ्यानं."

संचालकांनी मोबाइलवर ते पेज उघडलं आणि घसा साफ केला. संस्थेच्या अहवालवाचनाचा त्यांचा एक खास आवाज आहे, त्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. "आजच्या वरणाच्या वाटीत माझा चेहरा स्वच्छ दिसला. केस विंचरून घेतले." पान उलटल्यासारखा अंगठा फिरला. "वरणात डाळ शोधून देणाऱ्यास संस्थेतर्फे शिष्यवृत्ती देण्यात येईल."

पहिल्यांदा वडील हसले. मग मी, समोशासकट. आणि मग तोंडावर हात धरून ती पोरगी. हात धरला होता, पण खांदे हलताना सगळ्यांना दिसले.

"ही बदनामी आहे!" संचालक ओरडले.

"खोटं असेल तर आहे," आपा म्हणाल्या. "एक वाटी मागवा."

वाटी आली. आपांनी ती माझ्याकडं सरकवली. "माइकवाले, बघा. तुमची नजर चांगली आहे."

मी वाटीत डोकावलो. खोटं कशाला बोलू, माझा भांग वाकडा झाला होता. मी तिथंच नीट करून घेतला.

आता आपांनी डोळे उघडले, पण चष्मा घातला नाही. वडिलांना म्हणाल्या, "दादा, हिच्याबरोबर जे झालं ते छळच आहे. त्याला कायदा आहे, आणि तुम्हाला ठाण्यात जायचं असेल तर मी स्वतः सोबत येते. संस्थेची वकिली तिथं आड येणार नाही. पण त्या तक्रारीत वरण येणार नाही. पोरीच्या दुःखाच्या आडोशाला कुणी आपलं वरण लपवायचं नाही. आणि काय करायचं ते तुम्ही नाही, मी नाही, ही सांगेल. बोल बेटा."

मुलीनं तोंडावरचा हात खाली घेतला.

"ते काढा," मुलगी म्हणाली. "त्याच्या खालचं बी सगळं काढा. अन् यानं तिथं आपलं नाव लिवून माफी मागावी. लपून न्हाई."

मुलगा चाचरला. "नाव टाकतो, पण सर मला होस्टेलातून काढतील. वरणाचं मीच लिवतो म्हणून कळलं ना आता."

आपांनी मान वळवली. "काढाल, सर?"

संचालक टेबलावरचे कागद जुळवू लागले. तेव्हा मला राहवलं नाही. मी उठलो, दोन पावलं पुढं गेलो आणि माझा माइक अदबीनं त्यांच्या तोंडापुढं धरला. बंद होता. पण त्यांना कुठं माहीत? समोर माइक दिसताच माणसाचा कणा आपोआप ताठ झाला. "आमची संस्था," ते गंभीरपणे म्हणाले, "विद्यार्थ्यांच्या सूचनांचं नेहमीच स्वागत करते. कुणालाही काढलं जाणार नाही. वरणाकडंही लक्ष दिलं जाईल."

"शुक्रिया," आपा म्हणाल्या. मला वाटतं, त्या गालात हसल्या.

ठाण्यात जायचं की नाही, यावर मुलगी म्हणाली, "आता न्हाई. पुन्हा केलं तर जाईन." आणि दाराशी पोचल्यावर ती वळली. "अन् माझ्या आवाजाचं हसू आलं ना सगळ्याइले? तर पुढचं वरणाचं मी बोलते."

वडिलांनी पेटी खाली ठेवली.

तिनं खरंच बोलायला घेतलं, बरं का! रोज त्या पेजवर तिचा आवाज. "आज वरणात डाळ भेटली. एकटीच होती बिचारी. घाबरून राहिली होती." लिहायचा तो देवणीचा मुलगा, बोलायची ती, आणि होस्टेलची पोरं जिन्यात तीच वाक्यं म्हणायची, पण आता तिची नक्कल करायला नव्हे, तिची वाहवा करायला. वर्गात तिचा हात पुन्हा वर जाऊ लागला. वरण दाट झालं. आणि पुढच्या गुणगौरवाला निवेदन तिनंच करावं असा पोरांनी हट्ट धरला. धंद्यात मला इतकी वर्षं कुणी धक्का लावला नव्हता. या पोरीनं लावला.

सगळी प्रकरणं अशी गोड सुटली नाहीत. काहींत आपांना चष्मा घालावाच लागला, आणि काहींत तो घालूनही उपयोग झाला नाही. पण आमच्या गल्लीत आजही कुणी काही वाकडं लिहायला घेतलं की शेजारचा म्हणतो, "आपांपुढं वाचता येईल ना?" मग बऱ्याचदा अंगठा थांबतो.

आपा मात्र आता लातुरात नाहीत. त्यांच्या ऑफिसात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालंय. घड्याळं उतरवली, भिंतीवर त्यांचे गोल डाग तेवढे राहिलेत. त्या नांदेडला धाकट्या बहिणीकडं राहायला गेल्या. परवा एका लग्नाच्या निवेदनासाठी नांदेडला गेलो, तेव्हा भेटून आलो.

आपा खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. चष्मा उशाशी, बंद डबीत. मी आल्याचं त्यांना माझ्या चपलांवरून कळलं.

"आपा, तुमचे डोळे?"

"गेले की हो, माइकवाले. काचबिंदू. कधीपासून चाललं होतं."

मी एकदम गप्प झालो. माझ्यासारखा माणूस गप्प होतो म्हणजे काय ते समजून घ्या. "म्हणजे ते चष्मा काढणं... वाचा म्हणणं... मी जन्मभर त्याला नाटक समजलो."

"अर्धं नाटक होतं," त्या हसून म्हणाल्या. "अर्धा काचबिंदू. मोबाइलवरची अक्षरं मला चष्म्यानंही धड दिसत नव्हती. पण लोक वाचायला लागले, आणि कळलं की ऐकूनच बरं कळतं."

एवढ्यात हातात पेपर घेऊन ती आत आली. किनवटची. डॉक्टर नाही झाली. इथंच नांदेडला नर्सिंग शिकते. सुटीच्या दिवशी आपांना पेपर वाचून दाखवते. मला बघून म्हणाली, "काका, माइक आणला का?" आणि बसली स्टूल ओढून.

त्या दिवशी पेपरात लेख होता, ऑनलाइन छळाला आणखी कडक कायदा हवा, की त्यानं बोलणाऱ्यांचाच गळा दाबला जाईल. लेख मोठा होता आणि वाक्यं त्याहून मोठी. आपा डोळे मिटून मागं रेलल्या होत्या, अगदी पूर्वीसारख्या. वाचता वाचता पोरगी मध्येच अडली.

"थांबा आपा," ती मोकळ्या गळ्यानं म्हणाली. "मले नाही समजून राहिलं. परत वाचते."

"वाच बेटा," आपा म्हणाल्या. "मोठ्यानं."

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. खिडकी उघडी होती. खाली गल्लीत भाजीच्या गाड्यावर उभ्या असलेल्या एका बाईनं मान वर करून पाहिलं, आणि ती ऐकत तिथंच उभी राहिली.