दर्यापारचा पूर्वज

मस्कतहून कायमचे परतल्यावर माझ्या चुलत्यांना करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी पूर्वज शोधायला घेतले. तीस वर्षं ते तिथे एका गोदामावर देखरेखीला होते. ज्या मालकांनी त्यांना कधी शेजारी बसवून जेवू घातलं नाही, त्यांच्याशीच आता रक्ताचं नातं लावायचं होतं.

तिकडच्याच कुणाकडून त्यांनी शजरा, म्हणजे वंशावळ, काढून आणली आणि रत्नागिरीच्या घरात दिवाणखान्यात लावली. बुंध्याशी येमेनचा एक सरदार, सात गलबतांचा मालक. फांद्यांवर सगळे पुरुष. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या मुलगे बापालाच होत असावेत, असं ते झाड पाहून वाटे. काढणाऱ्याला त्या सरदाराच्या गलबतांची संख्या ठाऊक होती, माझ्या सख्ख्या आजोबांचं नाव मात्र त्याने चुकवलं होतं.

तेवढ्यात मंडणगडच्या भावकीने आपला मूळ पुरुष बसऱ्याचा काजी असल्याचं जाहीर केलं. मूळ पुरुष एकच. एका शाखेला तो येमेनचा हवा होता, दुसरीला बसऱ्याचा. चाचा हट्टाला पेटले. पुरावा हवा, म्हणाले. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मोडी शिकले होते. एरवी माझ्या या उद्योगाला ते हसत. आता स्वतः घरी आले, जुन्या कागदांचं एक गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि यातून आपला माणूस काढून दे म्हणाले.

दोन महिने मी त्या वाळवीने खाल्लेल्या कागदांवर डोळे फोडले. बहुतेक कागद बांधाच्या आणि झाडांच्या भांडणांचे. शेवटी एक कैफियत सापडली. आमच्या कुणा पूर्वजाने जमिनीवरचा हक्क सांगताना ती जमीन घरात कशी आली ते लिहून दिलं होतं. वाचताना मला आधी हसू आलं, मग माझीच लाज वाटली, कारण सात गलबतं नसली तरी एखादं असेल अशी आशा मलाही होती.

चाचांनी दोन्हीकडच्या भावकीला जेवायला बोलावलं. मी आधी त्यांना एकट्याला सांगू पाहिलं, पण सगळ्यांसमोरच वाच म्हणाले. मी वाचलं. मूळ पुरुष गलबतावर स्वयंपाकी होता. ताप आला म्हणून तांडेलाने, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याने, त्याला खाडीच्या तोंडाशी उतरवलं आणि गलबत निघून गेलं. मासे विकणाऱ्या एका विधवेने त्याला घरी नेलं, जगवलं, पुढे त्याच्याशी निका केला. आमची कातळाखालची भातजमीन तिच्या बापाची, तिला मिळालेली. आणि तो आला कुठून? कागदात एवढंच होतं: दर्यापारचा.

मंडणगडचा एक जाणता गृहस्थ म्हणाला की मोडीत एका अक्षराने अर्थ फिरतो. आयुष्यात त्याने मोडीची एक ओळ वाचली नव्हती. चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढं सगळं वाचायची गरज नव्हती गो."

"एवढंच लिहिलंय," मी म्हटलं.

चाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चाचा परदेशात असताना तीन मुलं, सासू आणि ती भातजमीन तिने एकटीने सांभाळली होती. बैठकीत ती कधी बोलत नसे. तिने विचारलं, "तिचा नाव लिवलाय काय?"

नव्हतं. स्वयंपाक्याचं होतं, तांडेलाचं होतं, तिच्या बापाचंही होतं. तिला नुसतं 'मुलगी' म्हटलं होतं. मी तसं सांगितलं. चाचीने मान हलवली आणि आत जाऊन सगळ्यांची ताटं वाढायला घेतली.

पुढच्या ईदेला गेले तर भिंतीवर नवी वंशावळ होती. येमेन आणि बसरा यांच्यात तडजोड होऊन पूर्वज 'अरबस्तानातला' झाला होता आणि स्वयंपाक्याचा नाखवा, म्हणजे गलबताचा कप्तान. माझ्या आजोबांचं नाव याही वेळी चुकलं होतं. चाचांनी कसं वाटतं विचारलं. मी म्हटलं, चौकट चांगली आहे. ते खूश झाले.

त्या कैफियतीची देवनागरी प्रत मात्र चाचीने माझ्याकडून मागून नेली. आता ती जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर तिच्या कपाटात असते आणि किल्ली ती चाचांना देत नाही.