माणूस तोच, आमदार नवा

मला पदवीपर्यंत कुणी पोचवलं, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी एक नाव घेतो, आणि आईला त्याचं वाईट वाटत नाही. यशवंत रोकडे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात ते सगळ्यांचे तात्या होते. काही आठवड्यांपूर्वी मी बारावीच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवत असताना त्यांच्या मुलीचा, सुषमाताईंचा फोन आला. "दादा, तात्या गेले... चहा मागितला, अर्धा प्यायले, आणि कप माझ्या हातात दिला." मी वर्गात परत गेलो आणि तास पूर्ण केला. काय शिकवलं ते आठवत नाही. तेव्हापासून मात्र कुठं स्वस्थ बसवत नाही. लिहायला बसलो की उठतो, दाराच्या खिळ्याला अडकवलेली त्यांची खाकी पिशवी बघतो आणि परत येतो.

तात्या कारखान्यात टाइमकीपर होते. कारखाना बंद पडल्यावर ते आमदारांच्या संपर्क कार्यालयात लोकांचे अर्ज लिहून द्यायला बसू लागले. पक्ष कुठला, हे त्यांनी कधी बघितलं नाही. आमदार बदलले, कार्यालयाची जागा बदलली, भिंतीवरचे फोटो बदलले, तात्यांचं टेबल राहिलं. त्यांची एक रीत होती. निकालाच्या दिवशी, इकडे विजयी मिरवणूक निघालेली असताना, ते पडलेल्या आमदाराच्या कार्यालयात जायचे, लोकांचे निकाली न निघालेले अर्ज पिशवीत भरायचे आणि चालत नव्या आमदाराकडे नेऊन द्यायचे. लोकांना पुन्हा पहिल्यापासून हेलपाटे नकोत, एवढाच हिशेब.

माझी आणि त्यांची ओळख त्याच पिशवीमुळे झाली. आम्ही अंबरनाथजवळच्या पालेगावचे. माझ्या जातीच्या दाखल्याचं काम अडलं होतं आणि त्याशिवाय कॉलेजातला प्रवेश पक्का होत नव्हता. आईनं आमदारांकडे अर्ज दिला होता, आणि आमदार निवडणूक हरले. आई मला घेऊन कार्यालयात गेली तर आत सामसूम, एकटे तात्या दोऱ्यानं कागद बांधत बसलेले. "आमदार तं परला," आई म्हणाली. "आता आमचा कागद बी परला का?"

तात्यांनी मान वर केली. "बाई, माणूस पडला. कागद कशाला पडतोय? चला माझ्याबरोबर."

आम्ही तिघं निघालो. नव्या आमदारांच्या दारात ढोल चालला होता. एका कार्यकर्त्यानं तात्यांच्या पांढऱ्या शर्टावर मूठभर गुलाल टाकला आणि म्हणाला, "काय तात्या, हरलेल्याचा माल आमच्या गळ्यात मारता का?"

"माल त्याचा नाही, पालेगावच्या या बाईचा आहे. आणि हात पूस आधी, कागदाला रंग लागेल."

दाखला वेळेत मिळाला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आईनं पेढे आणले, ते आधी बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या तात्यांच्या घरी गेले.

पुढे एम.ए.ला मी आमच्या मतदारसंघाचा आणि त्याच्या लोकप्रतिनिधींचा इतिहास हाच विषय घेतला. दर रविवारी तात्यांकडे जायचो. माझी प्रकरणं आमदारांच्या नावांनी पाडलेली होती. तात्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. "हे कोण कधी निवडून आला त्याचं झालं. लोक काय मागायला आले ते लिही की." मग ते बोलत राहिले आणि मी लिहीत राहिलो. सुरुवातीला लोक यायचे ते पोराला कारखान्यात चिकटवा म्हणून. मग बाकीचे कारखानेही बंद पडायला लागले तेव्हा थकलेली देणी मिळवून द्या म्हणून. उल्हासनगरच्या कॅम्पातले सिंधी दुकानदार यायचे, "तात्या साईं, बिल्डिंग रेग्युलर करवा दो, बाप की कमाई लगी है." पालेगावचे, बदलापूरकडच्या सोनिवलीचे शेतकरी आधी बांधावरच्या वाटेसाठी भांडत यायचे. नंतर त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी यायला लागले, पाण्याच्या टँकरसाठी. "आमदार बदलतात त्यानं काही होत नाही रे," तात्या म्हणायचे. "मागणं बदललं की समजायचं, मतदारसंघ बदलला."

मतदारसंघ खरोखरच बदलला तो पुनर्रचनेत. नव्या हद्दी आल्या आणि बदलापूर आमच्यातून सुटून पलीकडच्या मतदारसंघात गेलं. तात्यांचं घर एकीकडे पडलं, टेबल दुसरीकडे. ज्याच्या कार्यालयात आयुष्य घालवलं त्याला ते मतही देऊ शकत नव्हते. "सासर एका गावात, नांदणं दुसऱ्यात," असं म्हणून ते हसायचे. बदलापूरच्या लोकांचे शिल्लक अर्ज मात्र त्यांनी पिशवीत घातले आणि एसटीनं पलीकडच्या आमदाराकडे पोचते केले.

त्याच वेळी आमच्याकडची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली, आणि तात्या त्यातलेच. आम्ही सगळे त्यांच्या मागे लागलो. "तात्या, आता तुम्हीच. तुमच्याइतकी माणसं कुणाला माहीत आहेत?" ते नाही म्हणाले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून एका पक्षाच्या, उमेदवारीच्या मुलाखतीला गेले. दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहिले, संध्याकाळी आत बोलावणं आलं आणि काही मिनिटांत ते बाहेर आले. तिकीट दुसऱ्याला मिळालं. आत काय झालं, कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पंखा चांगला होता आत." आणि निकालाच्या दिवशी पिशवी घेऊन ठरल्याप्रमाणे निघाले. ज्याला तिकीट मिळालं होतं, तोच निवडून आला होता.

एम.ए.च्या त्या लिखाणाचं मी आता पुस्तक करतोय, ते याच प्रकरणापाशी अडलं आहे. तात्यांना ते मनापासून हवं होतं की आमच्या आग्रहाखातर गेले? नकार मिळाला तेव्हा ते सुटले की मोडले? कधी वाटतं, इतकी वर्षं दुसऱ्याच्या सहीसाठी अर्ज लिहिणाऱ्याला एकदा स्वतःची सही करावीशी वाटली असणारच. कधी वाटतं, हे माझंच मन बोलतंय. विचारायला आता माणूस नाही...

एका निवडणुकीत आमदार बदललाच नाही. मला वाटलं, यंदा तात्या घरी बसतील. पण ते दुपारी कार्यालयात गेले, कपाटातून अर्ज काढून पिशवीत भरले, मागच्या दारानं बाहेर पडले आणि पुढच्या दारानं आत आले. कार्यालयातली पोरं हसून लोटपोट. "तात्या, ये तो अपनाच कागज है." तात्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "माणूस तोच असेल. आमदार आजपासून नवा. मागच्या पाच वर्षांत झाले नाहीत म्हणून पुढची पाच वर्षं कागदांनी झोपायचं का?" आमदारांनी अर्ज उभं राहून घेतले. त्या आठवड्यात बरेचसे निकाली निघाले, हे मी स्वतः बघितलं.

यावेळीही आमदार तोच निवडून आला, पण तात्या बऱ्याच महिन्यांपासून अंथरुणावर होते. खुब्याचं हाड मोडलेलं, कानांना फोनवरचं ऐकू येत नव्हतं. त्यांनी सुषमाताईंकरवी पिशवी माझ्याकडे पाठवली. सोबत निरोप: काम झालं की लेखी कळव, तोंडी मी धरत नाही. मी कळवलं. सुषमाताई सांगतात, ते पत्र त्यांनी स्वतः वाचलं, भिंग लावून, दोनदा. उत्तर आलं नाही. पत्राची नक्कल माझ्याकडे होती, ती इथे देतो.

ती. तात्यांस साष्टांग नमस्कार.

काल तुमच्या सांगण्याप्रमाणे गेलो. कपाटातून अर्ज काढले, मागच्या दारानं बाहेर पडलो, पुढच्या दारानं आत आलो. टेबलावर नवीन मुलगा आहे. तो म्हणाला, "सर, आता सगळं ऑनलाइन असतं. आणि तुम्ही कोणाचे?" मी म्हणालो, तात्यांचा. कोण तात्या, हे त्याला माहीत नव्हतं. मग मी खुर्ची ओढून सांगायला बसलो. मध्येच त्यानं दोघांसाठी चहा मागवला. शेवटी एकेक अर्ज वाचून घेतला आणि पोच दिली. पोच सोबत जोडली आहे.

एक अर्ज त्यानं परत केला. सोनिवलीच्या आजींचा, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा. म्हणाला, हे गाव आपल्या हद्दीत येत नाही. बरोबर आहे त्याचं. कॉलेजात उद्याची रजा टाकली आहे. पहिल्या एसटीनं पलीकडच्या कार्यालयात जातो. तिथंही विचारतील, तुम्ही कोणाचे.

पिशवी तोवर माझ्याकडे राहू द्या.

आपला,
पालेगावच्या बाईचा मुलगा