पुरणाच्या हातांनी एम.ए.

आमच्या घरी पत्रकांना पर्चे म्हणतात. बाबा प्राध्यापकांच्या संघटनेचे पर्चे लिहीत, आई त्यांचे गठ्ठे बांधी, आणि उरलेल्या पर्च्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. त्यामुळे भागाकार यायच्या आधी मला ‘धिक्कार’ लिहिता येत होतं. पुढे इथेच बनारसला विद्यापीठात राज्यशास्त्राच्या एम.ए.ला गेले तेव्हा पर्चे लिहायचं काम मला कुणी दिलं नाही, मीच घेतलं.

महामारी संपून वर्ग पुन्हा भरू लागले होते. तरी आमच्या विभागाचा सकाळी दहाचा तास वर्गात व्हायचा आणि फोनवरही दिसायचा. निम्मी मुलं फोनवरच राहिली. एकजण वडिलांच्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसून ऐकायचा, एकजण पांघरुणातून. विभागप्रमुखांनी जाहीर केलं, की मंगळवारी दहाच्या तासालाच सभा घेऊ, दोन्ही बाजू ऐकू आणि फोनवरचा तास ठेवायचा की बंद करायचा ते तिथेच ठरवू.

मी राजा घाटाच्या पायऱ्यांवर बसून एका बैठकीत पर्चा लिहिला. फोनवरच शिकवता येतं म्हटल्यावर उद्या शिक्षकांच्या जागा भरणार नाहीत. ज्याच्याकडे धड फोन नाही तो बाहेर पडेल. आणि आपापल्या खोलीत एकेकटी बसलेली मुलं कधी मोर्चा काढणार नाहीत. यातलं एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही.

सभेत आमच्या बाजूने बोलायला वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी हवी होती. ती माझ्या चुलत दादाची बायको, म्हणजे वहिनीच होती. लातूरची, लग्न होऊन दुर्गाघाटावर काकांच्या घरी आलेली. आम्हा बनारसवाल्यांचं मराठी ऐकून तिला हसू आवरत नाही. मी पर्च्यांचा गठ्ठा घेऊन गल्लीतून तिच्याकडे गेले तेव्हा दहाचा तास चालू होता.

काकांच्या घरी पौरोहित्य. बाराच्या आत देवाला नैवेद्य, आणि तो करणारी सोवळ्यात. म्हणजे अंघोळ करून सोवळ्याचं वस्त्र नेसायचं आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत बाहेरच्या कशालाही हात लावायचा नाही. फोनला तर नाहीच. वहिनी चुलीपाशी भाजी ढवळत होती. फोन स्वयंपाकघराच्या दाराबाहेर कोनाड्यात उभा होता आणि त्याच्याशेजारी पाटावर काकू, म्हणजे तिच्या सासूबाई, पहारा द्यावा तशा बसल्या होत्या.

सरांनी काहीतरी विचारलं.

“आई, दाबा,” वहिनी म्हणाली. काकूंनी माइकचं बटण दाबलं. वहिनीने तिथूनच हिंदीत उत्तर दिलं, मध्येच फोडणी तडतडली. “आई, बंद.”

“केलं बंद. लाल झालं की तुझं तोंड मिटलं, मला समजलंय आता.”

या व्यवस्थेआधी बरेच प्रयोग झाले होते. कोरड्या लाकडातून ओवळं येत नाही, म्हणून वहिनीने लाकडी उलथन्याने बटण दाबून पाहिलं. फोनला लाकूड कळेना. मग काकडीचं टोक लावलं, तर फोन लगेच ऐकायला लागला. पण काकांनी निवाडा दिला, की काकडी ओली, ओल्यातून ओवळं येतं. फोनला जे चालतं ते शास्त्राला चालत नाही, हे ठरल्यावर काकूंची नेमणूक झाली.

तास संपला. “काय वन्सं, क्रांती कुठवर आली?” वहिनीने विचारलं.

तिला कागदाला शिवता येत नव्हतं, म्हणून मी पर्चा मोठ्याने वाचला. शेवटी एक झणझणीत ओळ होती: जे घरी बसून शिकू पाहतात ते लढाईतून पळ काढतात.

“पळायला जागा कुठे आहे इथे?” वहिनी म्हणाली. “चुलीपासून देवापर्यंत पाच पावलं. तास दहाला, नैवेद्य बाराला, आणि तुझं विद्यापीठ शहराच्या त्या टोकाला. फोन बंद केलास तर माझं एम.ए. सुटेल. नैवेद्य नाही सुटणार.”

“नैवेद्य दादाने करावा.”

“सांग त्याला. तोवर मी एम.ए. करते.”

“बोलते बघ कशी,” काकू मला म्हणाल्या. “त्या तासांनी बिघडली. पण ऐकायला बरं असतं ते, राजाचं आणि कायद्याचं. मी उठत नाही मग.”

गठ्ठा तसाच घेऊन परतले. शेवटची ओळ प्रत्येक पर्च्यावर पेनाने खोडताना हात भरून आले.

सभेचा मंगळवार श्रावणातला निघाला. मंगळागौरीच्या देवळाकडे बायकांची रीघ, आणि काकांकडे पुरणावरणाचा नैवेद्य. सभेत मी सगळे मुद्दे मांडले आणि शेवटी म्हणाले, की वर्ग हवाच, जागा भरायलाच हव्यात, पण ज्यांना येता येत नाही त्यांचा फोन काढून घेऊ नका.

“तू है किस तरफ?” आमच्यातलाच एकजण मागून म्हणाला. लोक हसले.

विभागप्रमुख म्हणाले, फोनवाल्यांना शिकायचं नसतं, फक्त हजेरी हवी असते. आत्ता बघू. त्यांनी पडद्यावरच्या काळ्या चौकोनांना प्रश्न टाकला: प्रजा आणि नागरिक यांत फरक काय? एकेक रोल नंबर पुकारला. कुणी बोलेना. साडीवालाही नाही. वहिनीचा नंबर आला. तिथेही शांतता. प्रमुखांनी हात पसरून आमच्याकडे पाहिलं.

काय झालं असेल ते मला लगेच कळलं. पुरणाचा दिवस. काकूही सोवळ्यात. घाटावर जाता जाता दादाने सभा लावून फोन कोनाड्यात ठेवला असणार, आणि आता दाबायला कुणी नाही.

प्रमुख पुढचा नंबर घेणार, तेवढ्यात सभागृहात काकूंचा आवाज घुमला, चक्क मराठीत: “अहो थांबा जरा, तिचे हात पुरणात आहेत.” आणि मग हळू, “बोल गं. लावला हात मी. बोल आता.”

वहिनी हिंदीत म्हणाली, “प्रजेला कुणी विचारत नाही, सर. नागरिकाला विचारावं लागतं. तुम्ही आज विचारलंत, म्हणून सांगते, मला शिकायचंय.” मग तिने पाठ्यपुस्तकातला फरकही नीट सांगितला, तो ऐकायला प्रमुख खाली बसले.

फोनवरचा तास राहिला. अट एकच, विचारलं की बोलायचं. पांघरुणातला मुलगा दुसऱ्याच दिवशी वर्गात येऊन बसला.

सभेनंतर दुपारी दुर्गाघाटावर गेले तेव्हा काकू ओले केस पंच्याने झटकत होत्या. फोनला शिवल्यामुळे पुन्हा अंघोळ, पुन्हा वस्त्र, मग पुरण.

“दोनदा न्हायले तुमच्या लोकशाहीपायी,” त्या मला म्हणाल्या. मग वहिनीकडे वळून, “परीक्षेत पण मीच दाबायचं का?”

“परीक्षेला मला तिथे जावं लागेल, आई. सकाळीच असते.”

“मग नैवेद्य?”

“तुम्ही…”

“माझ्या एकटीच्याने होत नाही आता.” काकूंनी दादाकडे पाहिलं. तो उरलेली पुरणपोळी दुधात बुडवत होता. “याला शिकव.”

दादाने माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच छापून आणलं होतं. मग पोळीचा घास गिळून वहिनीला विचारलं, “डाळ किती शिजवायची असते?”